'भंगाराचे आरमार' म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी ४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन, जवळ आला की एक चित्र हमखास फिरू लागते. डावीकडे कान्होजी आंग्र्यांचे गुराब, भगवा ध्वज, मागे खांदेरी. उजवीकडे करड्या रंगाची एक जुनी ब्रिटिश क्रूझर. खाली मजकूर असा, की ज्यांच्या पूर्वजांनी इंग्रजांना समुद्रावर पाणी पाजले, त्यांनी स्वातंत्र्यानंतर त्याच इंग्रजांचे भंगार विकत घेऊन आरमार उभारले. चित्र देखणे आहे आणि मजकूर झोंबणारा आहे. त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र इतिहासाच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही.

नौका जुन्या होत्या, हे आधीच मान्य करून टाकावे. 'दिल्ली' ही १९४८ साली घेतलेली क्रूझर म्हणजे न्यूझीलंडच्या नौदलातली 'अकिलीस'. 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' या विनाशिका ब्रिटिश नौदलात दुसरे महायुद्ध लढून आल्या होत्या. 'म्हैसूर' ही पूर्वीची 'नायजेरिया'. 'विक्रांत' वापरलेली नव्हती, पण नवीही म्हणता येणार नाही. तिचे जलावतरण १९४५ मध्ये झाले, महायुद्ध संपल्यावर काम थांबले आणि तो अपुरा सांगाडा दहा वर्षांहून अधिक काळ तसाच पडून राहिला. भारताने तो १९५७ मध्ये घेतला आणि बेलफास्टमध्ये पूर्ण करवून ४ मार्च १९६१ रोजी नौका नौदलात दाखल केली.

या यादीतले सर्वांत बोलके नाव 'गोदावरी'चे आहे. फाळणीत रॉयल इंडियन नेव्हीच्या सहा स्लूप नौकांपैकी चार भारताकडे राहिल्या आणि दोन पाकिस्तानला गेल्या. गेलेल्या दोघींची नावे होती 'नर्मदा' आणि 'गोदावरी'! कराचीत त्यांची नावे अर्थातच बदलली. पुढे १९५३ मध्ये भारताने ब्रिटनकडून 'बिडेल' नावाची छोटी विनाशिका घेऊन तिला 'गोदावरी' हे नाव दिले. महायुद्धात ही नौका पोलंडच्या नौदलाकडे होती, तिथून ती ब्रिटनकडे परतली आणि मग मुंबईला आली. म्हणजे ही दुसऱ्या हातची नव्हे, तिसऱ्या हातची. तिसरी 'गोदावरी' कुठून आली, ते पुढे येईल.

पण १९४८ मध्ये दुसरा पर्याय कोणता होता? याचे उत्तर टीकाकार देत नाहीत. फार ताणले तर वाडियांकडे बोट दाखवतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची उत्तमोत्तम जहाजे बांधली, हे खरेच आहे. १८१७ सालची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. परंतु सागवान तासणाऱ्या हातांना वाफेचे टर्बाइन, सहा इंची तोफांचे फिरते बुरूज आणि रडार घडवण्याची विद्या आपोआप येत नाही. पोलाद आणि वाफेचा जमाना आला तेव्हा ती विद्या या देशात रुजू दिली गेली नाही, आणि हा दोष १९४८ च्या नौदल अधिकाऱ्यांचा नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये विशाखापट्टणमला 'जल उषा' या मालवाहू जहाजाचे जलावतरण झाले, तेव्हा तो राष्ट्रीय सोहळा ठरला. जिथे मालवाहू जहाजाचे एवढे अप्रूप होते, तिथे क्रूझर कोण बांधणार होते? आंग्र्यांचे गुराब कोकणच्या खाड्यांत, कोकणच्या सुतारांनी बांधले. ती गोष्ट अभिमानाचीच आहे. पण गुराब आणि क्रूझर यांची तुलना करणे म्हणजे बैलगाडी आणि आगगाडी दोन्हींना चाके आहेत एवढ्यावरून त्यांना एका रांगेत उभे करणे होय.

शिवाय प्रश्न केवळ जहाजांचा नव्हता. १९५८ मध्ये रामदास कटारी नौदलप्रमुख झाले, तोपर्यंत त्या पदावर ब्रिटिश अधिकारीच होते. स्वातंत्र्याला तेव्हा अकरा वर्षे होत आली होती. क्रूझर चालवायची तर इंजिनखोलीत, तोफखान्यात, दळणवळणात शेकडो प्रशिक्षित माणसे लागतात. अशी माणसे पुस्तकातून तयार होत नाहीत. त्यांना जहाज लागते. 'दिल्ली' हे ते जहाज होते. कटारी तिच्यावर होते, एस. एम. नंदा तिच्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक होते. १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिच्या तोफा धडाडल्या तेव्हा तिचे कप्तान होते एन. कृष्णन. (१९३९ मध्ये जर्मनीच्या 'ग्राफ श्पे'शी झुंजलेली हीच नौका १९५६ च्या इंग्रजी युद्धपटात स्वतःचीच, म्हणजे 'अकिलीस'ची, भूमिका करताना दिसते. भंगाराला असे भाग्य क्वचितच लाभते.)

ही नावे लक्षात ठेवावीत, कारण दहा वर्षांनी ती पुन्हा भेटतात. डिसेंबर १९७१ मध्ये अॅडमिरल नंदा नौदलप्रमुख होते आणि व्हाइस अॅडमिरल कृष्णन पूर्व नौदल कमानीचे प्रमुख.

त्या युद्धातला बंगालच्या उपसागरातला प्रसंग या वादाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. 'विक्रांत'च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. तीन बॉयलरांवर तिचा वेग सोळा नॉटच्या आसपास मर्यादित झाला आणि वारा पडलेला असेल तर विमाने उडवणेही अवघड होते. पश्चिमेकडे, पाकिस्तानी पाणबुड्या आणि विमानांच्या टप्प्यात, तिला पाठवणे धोक्याचे होते. तिला पूर्वेकडे धाडण्यात आले. तिचा शोध घेण्यासाठी पाकिस्तानने 'गाझी' पाणबुडी पाठवली, कारण एवढा लांबचा पल्ला गाठू शकेल अशी त्यांच्याकडे तीच एक होती. 'गाझी' मूळची अमेरिकेची 'डायाब्लो', जलावतरण १९४४ चे. कृष्णन यांनी 'विक्रांत' अंदमानकडे लपवली आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा भास निर्माण करण्याचे काम 'राजपूत'वर सोपवले. 'राजपूत' म्हणजे पूर्वीची 'रॉदरहॅम', जलावतरण १९४२ चे.

नीट पाहावे. शिकारी जुना, सावज जुने आणि सावजाचे सोंग घेणारी नौकाही जुनी. तिन्ही नौका दुसऱ्या महायुद्धासाठी घडल्या होत्या, तिन्ही परदेशी कारखान्यांतल्या होत्या. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली. 'राजपूत'ने टाकलेल्या पाणसुरुंगांमुळे ती बुडाली असे भारताचे म्हणणे, तर अंतर्गत स्फोटामुळे किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगामुळे असे पाकिस्तानचे. तो वाद इथे सोडवण्याची गरज नाही. ४ डिसेंबरपासून 'विक्रांत'ची सी हॉक आणि अलिझे विमाने कॉक्स बझार आणि चितगाववर घिरट्या घालू लागली, एवढे निर्विवाद आहे. तडा गेलेल्या बॉयलरची नौका पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करत होती.

म्हणून जुन्या नौकांचे पोवाडे गावेत असे मात्र नाही. दुसऱ्या टोकाचे एक भोळे देशप्रेमही समाजमाध्यमांवर पसरलेले आहे. त्याला प्रत्येक निवृत्त नौका वीरांगना वाटते. गोव्याच्या मुक्तिसंग्रामात मुरगावच्या बंदरात पोर्तुगीज 'अफोन्सो दे अल्बुकर्क'शी तोफांची लढाई खेळल्या त्या 'बेतवा' आणि 'बियास', दोन्ही भारतासाठी नव्याने बांधलेल्या फ्रिगेट होत्या. ज्या विजयासाठी ४ डिसेंबर हा नौदल दिन ठरला, तो कराचीवरचा हल्ला सोव्हिएत बनावटीच्या नव्या क्षेपणास्त्र नौकांनी केला. त्यांच्यातल्या 'निर्घात'च्या क्षेपणास्त्रांनी 'खैबर' ही विनाशिका बुडवली, आणि 'खैबर' होती ब्रिटिशांची जुनी 'कादिझ'. क्षेपणास्त्राविरुद्ध १९४० च्या दशकातल्या तोफा काय करू शकतात, त्याचे उत्तर त्या रात्री मिळाले. ते उत्तर भारताच्या जुन्या क्रूझरनाही तितकेच लागू होते.

पण लगेच पुढचे पानही उलटावे. त्या युद्धात भारतीय नौदलाने गमावलेली एकमेव युद्धनौका 'खुकरी' होय. ९ डिसेंबर रोजी दीवच्या समुद्रात 'हंगोर' पाणबुडीने तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेसोबत गेले. 'खुकरी' जुन्या बाजारातून आणलेली नव्हती. ती ब्रिटनमध्ये भारतासाठी कोरी करकरीत बांधलेली होती आणि १९५८ मध्ये दाखल झाली होती. मात्र तो स्वस्तात, घाईने बांधण्यासाठी आखलेला फ्रिगेटचा नमुना होता, आणि समोरच्या नव्या फ्रेंच पाणबुडीपुढे तिची शोधयंत्रणा तोकडी पडली. वय पाहून नौकेची योग्यता ठरवणाऱ्यांनी 'खुकरी'चे काय करायचे, ते सांगावे.

खरी कसोटी वेगळीच आहे, आणि ती पाकिस्तानशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. दोन्ही नौदले एकाच आईची लेकरे, दोघांनी एकाच बाजारात खरेदी केली. पाकिस्ताननेही ब्रिटिश क्रूझर घेतली, ब्रिटिश विनाशिका घेतल्या. पण १९६५ च्या युद्धानंतर अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखला आणि 'गाझी'च्या मोठ्या डागडुजीसाठी तिला थेट तुर्कस्तानला न्यावे लागले. सुएझ कालवा बंद असल्याने आफ्रिकेला वळसा घालून! १९८८-८९ च्या सुमारास पाकिस्तानने अमेरिकेकडून आठ फ्रिगेट भाडेपट्ट्याने घेतल्या. अणुकार्यक्रमावरून प्रेस्लर दुरुस्ती लागू झाली आणि काही वर्षांतच त्या सगळ्या परत गेल्या. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी ब्रिटनच्या सहा वापरलेल्या फ्रिगेट घ्याव्या लागल्या. पाकिस्तानी खलाशी कमी शूर होते म्हणून हे घडले नाही. जुनी नौका घेताना जो वेळ हाती येतो, त्या वेळात घरची गोदी पुरेशी उभी राहिली नाही म्हणून घडले.

तो वेळ भारताने कुठे खर्च केला, हे माझगावला जाऊन पाहावे. माझगाव डॉक तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या मालकीची, मुख्यतः जहाजदुरुस्तीची गोदी होती. १९६० मध्ये सरकारने ती विकत घेतली. साठच्या दशकात तिच्या व्यवस्थापकीय संचालकपदी एक नौदल अधिकारी आला, नाव एस. एम. नंदा. 'दिल्ली'वरचे तेच नंदा. ब्रिटिश लिअँडर नमुन्याच्या 'निलगिरी'चे बांधकाम १९६६ मध्ये सुरू झाले, १९६८ मध्ये जलावतरण झाले आणि जून १९७२ मध्ये ती दाखल झाली. सहा वर्षे लागली, आराखडा परका होता, यंत्रेही पुष्कळशी परकी होती. टीकाकार तेव्हाही हसलेच असतील. पण मालिका पुढे सरकली. शेवटच्या दोन, 'तारागिरी' (१९८०) आणि 'विंध्यगिरी' (१९८१), इतक्या बदलल्या होत्या की त्यांच्यावर सी किंगसारखे जड हेलिकॉप्टर मावू लागले.

आणि डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी 'गोदावरी' आली. आराखडा भारतीय नौदलाच्या स्वतःच्या अभिकल्प विभागाचा, बांधणी माझगावची, क्षेपणास्त्रे सोव्हिएत, इलेक्ट्रॉनिक उपकरणांत पाश्चात्त्य आणि भारतीय अशी सरमिसळ, आणि दोन सी किंगची सोय. पहिली 'गोदावरी' फाळणीत गेली, दुसरी पोलंड-ब्रिटन फिरून आली, तिसरी मुंबईत जन्मली. पहिलीपासून तिसरीपर्यंतची ती मधली वर्षे ज्या नौकांनी समुद्रावर निभावून नेली, त्यांना आज भंगार म्हटले जाते.

टीकेला योग्य जागा हवीच असेल तर ती १९४८ नव्हे, २००४ आहे. त्या वर्षी 'अॅडमिरल गोर्शकोव्ह' या रशियन नौकेचा करार झाला. नौका फुकट, पैसे फक्त नूतनीकरणाचे, असा तो मामला होता. ९७.४ कोटी डॉलरचा आकडा पुढे सुमारे २.३५ अब्ज डॉलरवर गेला. २००८ ची मुदत हुकून 'विक्रमादित्य' नोव्हेंबर २०१३ मध्ये हाती आली, तीही २०१२ च्या सागरी चाचण्यांत बॉयलर बिघडल्यानंतर. नौका उघडून नीट तपासण्याआधी किंमत ठरवली की काय होते, त्याचा हा धडा. १९५७ मध्ये अपुरा सांगाडा घेणाऱ्यांपुढे घरची गोदी नव्हती. २००४ मध्ये ती सबब उरलेली नव्हती. या फरकाकडे त्या व्हायरल चित्राचे लक्षही जात नाही.

आणि लाजेचाच विषय काढला असेल तर तोही पुरा करावा. 'दिल्ली' १९७८ मध्ये निवृत्त झाली. तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट देण्यात आला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर तो आजही जपून ठेवलेला आहे. 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली, मग तेही बंद पडले. २०१४ मध्ये तिला दारूखान्यात तोडायला घेतले. तिचे काही पोलाद वितळवून मोटारसायकलीच्या पेट्रोलटाक्या केल्या गेल्या, आणि थोड्या पोलादाचे एक स्मारक मुंबईतल्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ, रहदारीच्या चौकात उभे आहे.