व्हॉल्व्ह आहे हो, पण कोणत्या मापाचा?

राजेहो, आज राजकारण नाही. पण विषय आपल्या जिवाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. पहिल्या बातम्या आल्या त्या 'बॉयलर फुटला' अशा. नंतर कळलं, फुटला तो रिॲक्टर. कोणी म्हणेल, काय फरक पडतो, माणसं गेलीच ना? फरक पडतो. बॉयलर पाहतं बाष्पके संचालनालय, अन् कारखान्यातली दाबाची बाकी भांडी येतात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं. नावच चुकलं की जाब भलत्याच दारात विचारला जातो.

आता आपल्या वऱ्हाडाकडं या. अकोला जिल्ह्यात पारसला 250 मेगावॉटचे दोन संच. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत 1350 मेगावॉटचं खासगी केंद्र. शिवाय दोन्हीकडच्या एमआयडीसी. वाफ जिथं, तिथं हीट एक्स्चेंजर आलाच. म्हणजे काय, तर एका मोठ्या टाकीत शेकडो बारीक नळ्या. नळ्यांत एक द्रव, बाहेर दुसरा. उष्णता इकडून तिकडं जाते, द्रव मिसळत नाहीत.

वीज केंद्रात बॉयलरला जाणारं पाणी असंच तापवतात. नळ्यांतल्या पाण्याचा दाब दीडशे बारच्या पुढं, बाहेरच्या वाफेचा त्याहून कितीतरी कमी. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. आता एक नळी तुटली तर? सगळा जोर कमी दाबासाठी बनवलेल्या टाकीत घुसतो. 

त्यासाठी टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पण 'व्हॉल्व्ह आहे' एवढं उत्तर पुरत नाही. घरच्या कुकरचं घ्या. शिटीचं भोक गॅसच्या आचेच्या मापाचं असतं. त्याच कुकरला कारखान्याच्या वाफेचा पाइप जोडला तर शिटी जागेवर असूनही कुकर फुटेल.

म्हणून हिशेब असा धरतात: एक नळी पूर्ण तुटली, अन् तुटलेल्या दोन्ही तोंडांतून द्रव आत येतोय. तेवढा बाहेर टाकेल असा व्हॉल्व्ह हवा. एक सूट आहे. टाकीची पाण्याची चाचणी साधारण तिच्या ठरलेल्या दाबाच्या 1.3 पटीनं होते. नळ्यांचा दाब 100 बार अन् टाकी 77 बारची असेल, तर चाचणी 100 ला झालेली असते. मग नळी तुटण्यासाठी वेगळी सोय लागत नाही. टाकी 30 बारची असेल तर चाचणी फक्त 39 ची. तिथं सोय लागतेच. अन् टाकी पाण्यानं गच्च भरलेली, नळीत जोराचा वायू असेल, तर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाबाचा धक्का बसून जातो. तिथं बर्स्टिंग डिस्क लावतात, म्हणजे ठरल्या दाबाला फुटणारी पातळ चकती.

माप बरोबर असूनही घात होतो. अमेरिकेत ह्यूस्टनला गुडइयर कंपनीत जून 2008 मध्ये चकती बदलायला तिच्या खालचा व्हॉल्व्ह बंद केला, तो उघडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी वाफेनं नळ्यांची सफाई सुरू झाली. अडकलेला अमोनिया तापला, एक्स्चेंजर फुटला, एक कर्मचारी गेली.

मग आपण काय करायचं? भोपाळनंतर, 1987 साली कारखाने कायद्यात कलम 41 ब आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यानं धोके अन् उपाय कामगारांना, स्थानिक संस्थेला, शेजारच्या लोकांनाही सांगावेत, असं ते 2025 मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत म्हणत होतं. ही माहिती भीक नाही, हक्क आहे.

तर ग्रामपंचायतींनी, कामगार संघटनांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत. हा व्हॉल्व्ह कोणत्या प्रसंगाचा हिशेब करून बसवला? त्यात नळी तुटणं धरलं का? त्याच्या आधीचा बंद करायचा व्हॉल्व्ह उघडाच राहील, याची जबाबदारी कोणावर?

कारखाने हवेतच, पोरांना काम हवंच. पण उत्तर 'सगळं सेफ आहे' असं तोंडी आलं, तर ते घेऊ नका. आकडा मागा, तारीख मागा, सही मागा. स्फोटानंतरच्या चौकशी समितीपेक्षा हे स्वस्त पडतं.

पटलं तर पुढं पाठवा.