‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे नेमके काय?

मुदत ठेवीचा अर्ज भरताना बँकेतील कर्मचारी विचारतो, “आयदर ऑर सर्व्हायव्हर ना?” पतिपत्नी मान हलवतात आणि पावती घेऊन घरी येतात. वरणगावसारख्या गावातील व्यापारी कुटुंबांत हे इंग्रजी शब्द आता घरचेच झाले आहेत. त्यांचा अर्थ मात्र पुष्कळदा पावतीबरोबरच कपाटात बंद राहतो.

‘आयदर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, ‘ऑर’ म्हणजे किंवा आणि ‘सर्व्हायव्हर’ म्हणजे एकाच्या निधनानंतर हयात असलेला. इंग्रजीत ‘आयदर’ हा शब्द दोघांपुरताच चालतो. म्हणून खात्यात तीन नावे असली की ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ असे लिहितात. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, तर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत व्यवहार तिचाच. दुसऱ्याचा अधिकार त्यानंतर सुरू होतो.

बचत खात्यात हा अर्थ सरळ लागू पडतो. कोणाही एकाच्या सहीने पैसे काढता येतात. मुदत ठेवीतही मुदत पूर्ण झाल्यावर एकाची सही पुरते. अडचण येते ती मुदतीपूर्वी पैसे लागतात तेव्हा.

समजा, वरणगावातील एका किराणा व्यापाऱ्याने पत्नीसह आठ लाख रुपये पाच वर्षांसाठी ठेवले. दोन वर्षांनी तो जळगावच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात दाखल झाला. पत्नी पावती घेऊन बँकेत गेली. पावतीवर ‘आयदर’ आहे, म्हणजे आपली सही पुरेशी, हा तिचा समज. परंतु दोघेही हयात असताना ठेव मुदतीपूर्वी मोडायची, तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. सही करण्याची शक्ती असलेला हात तर रुग्णालयात निपचित पडलेला.

दुर्दैवाने त्याचे निधन झाले, तरी वाट सोपी होत नाही. मुदत संपल्यावर ‘सर्व्हायव्हर’ म्हणून रक्कम पत्नीला मिळेल; त्याआधी हवी असल्यास मृताच्या कायदेशीर वारसांची संमती लागते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. त्यानुसार पत्नीबरोबरच मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस होत. मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या; आणि दुकानाच्या देण्यांना तर थांबायला सवड नसते.

यावर रिझर्व्ह बँकेने मार्ग ठेवला आहे. एकाच्या निधनानंतर दुसऱ्यास मुदतीपूर्वी ठेव काढता यावी, असे संयुक्त संमतिपत्र दोघांनी सही करून बँकेला देता येते. ते ठेव ठेवताना द्यावे किंवा मुदतीत नंतर केव्हाही. मात्र या पत्राने आजारपणाची अडचण सुटत नाही. त्यासाठी सगळी रक्कम एकाच मोठ्या पावतीत न गुंतवता काही भाग संयुक्त बचत खात्यात ठेवणे शहाणपणाचे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच हे शब्द बँकेला सांगतात. पैसा कोणाच्या मालकीचा, हे सांगत नाहीत. हयात खातेदाराला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते, वारसांचा हक्क संपत नाही. नामनिर्देशनाचेही तसेच. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, केवळ त्या नात्याने मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रामचंदर तलवार खटल्यात स्पष्ट केले. संयुक्त खात्यात तर नॉमिनीचा अधिकार सर्व खातेदारांच्या निधनानंतरच सुरू होतो. म्हणून मालकीविषयी इच्छा असेल, तर ती मृत्युपत्रात लिहावी.

‘मागे राहिलेला’ हा शब्द घरात उच्चारणे अशुभ वाटते आणि त्यामुळेच हा विषय टळत जातो. दिवाळीला वह्यांचे पूजन करताना वर्षभराचे येणे-देणे तपासले जाते. त्याच बैठकीत पावत्याही पतिपत्नीने समोर घ्याव्यात : नावे कोणाची, अट कोणती आणि संमतिपत्र दिले आहे का. दिले नसेल, तर दोघेही आपल्या पायांनी बँकेत जाऊ शकतात, तोवरच ते काम उरकून घ्यावे.