तारांचा तराजू

भूमच्या बाजारपेठेत तराजूवर माल चढविण्यापूर्वी रिकामा काटा मध्यावर स्थिरावतो की नाही, हे व्यापारी पाहून घेतो. शिक्षणासाठी पुण्यास गेलेले घरातील अपत्य इलेक्ट्रिक गिटार घेऊन परतले, तर त्या वाद्याकडेही याच दृष्टीने पाहावे. तार खेचून चढविलेला स्वर बेसूर लागला, की ‘मुलाला कानच नाही’ असा निवाडा घरात चटकन होतो. पुष्कळदा दोष कानाचा नसतो, काट्याचा असतो.

मिरजेच्या सितारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सितारीची घोडी तबलीवर स्थिर बसते. म्हणून एका तारेवर मींड घेतली तरी शेजारच्या तारा फारशा ढळत नाहीत. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी 1954 मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर गिटार बाजारात आणली, तिची घोडी, म्हणजे ब्रिज, मात्र हलती आहे. तिला जोडलेला दांडा दाबला की सर्व तारांचे स्वर एकदम उतरतात. या योजनेला ट्रेमोलो म्हणतात. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ आवाजाच्या तीव्रतेतील कंप. येथे बदलतो तो स्वर.

हा ब्रिज म्हणजे साक्षात तराजूच होय. नेहमीच्या जाडीच्या सहा तारा मिळून त्याला सुमारे 47 किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढतात. गिटारीच्या पाठीतील स्प्रिंगा मागे ओढतात. बोटाने एक तार खेचली की पुढचे पारडे जड होते, ब्रिज किंचित पुढे कलतो, बाकीच्या तारा सैल पडतात. दोन तारा एकत्र वाजवून एकच खेचल्यास दुसरीचा स्वर उतरतो, तो यामुळेच. खेचलेली तारही अपेक्षित स्वरापर्यंत नेण्यास अधिक जोर लागतो.

यावर दोन मार्ग आहेत. दांडा केवळ खाली दाबायचा असेल, तर मागील झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळावेत आणि ब्रिज लाकडावर सपाट टेकवावा. स्प्रिंगांची संख्या पाचपर्यंत वाढविता येते. मग बोटाने तार खेचली तरी ब्रिज सहसा जागचा हलत नाही.

स्वर दांड्यानेही चढवायचा असेल, तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली थोडी फट हवी. कॅलिफोर्नियाचे गिटारवादक कार्ल वर्हायन यांच्या पद्धतीत या फटीचे माप कानाने ठरते. दांडा पूर्ण वर ओढून ब्रिज लाकडाला टेकला, की तिसरी तार दीड स्वर, दुसरी एक स्वर आणि पहिली अर्धा स्वर चढली पाहिजे. एकाच हालचालीने तीन तारा निरनिराळ्या प्रमाणात चढतात, कारण ताण वाढल्यावर प्रत्येक तारेचा प्रतिसाद वेगळा असतो.

तिसरी तार दीड स्वरापर्यंत पोहोचत नसेल, तर स्क्रू पाव फेरा सैल करावेत. अधिक चढत असेल, तर आवळावेत. प्रत्येक वेळी सहाही तारा ट्यूनरवर पुन्हा मिळवाव्यात. एक तार मिळविताना दुसरी ढळते, म्हणून तीन-चार आवर्तने करावी लागतात. येथे उतावळेपणा उपयोगाचा नाही.

एवढे करूनही दांडा सोडल्यावर स्वर मूळ जागी येत नसेल, तर तार कोठे अडकते ते शोधावे. मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचांत पेन्सिलीचे शिसे घासल्यास घर्षण कमी होते. नव्या तारा हाताने हलकेच ताणून पुन्हा मिळवाव्यात. खुंटीवर तारेचे वेढे मोजकेच ठेवावेत.

या कामास पेचकस, ट्यूनर आणि एक निवांत दुपार पुरते. नवे वाद्य घेण्यापूर्वी आणि मुलाच्या कानाविषयी निवाडा देण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य व्हावी.