मधल्या शब्दांचा प्रश्न

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम या गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेली, शरीरात शिरताच पसरणारी गोळी त्या गावाच्या नावानेच जगभर ओळखली जाऊ लागली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी घालणारी घोषणा झाली. ज्या गावाचे नाव इंग्रजी कोशात गेले, तेथील विद्यार्थ्याला मात्र मध्यम पातळीचे इंग्रजी शब्द आत्मसात करणे जड जाते. साताऱ्याच्या वा नागपूरच्या विद्यार्थ्याची अवस्था याहून निराळी नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा बहुधा इयत्तेच्या अंगाने होते. पश्चिम बंगालने १९८० नंतरच्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले आणि दीर्घ वादानंतर २००४ मध्ये ते पहिलीत परत आणले. महाराष्ट्राने २००० मध्येच ते पहिलीपासून सुरू केले. इंग्रजी केव्हा शिकवावे याचा एवढा ऊहापोह झाला. कोणते शब्द, कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवावेत, याचा त्या मानाने फारच थोडा.

याला एक अपवाद बंगालच्याच भूमीवर घडला. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवरील आपला ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची त्यांची सुप्रसिद्ध यादी आली. परंतु कादंबरी वा वृत्तपत्र कोणाच्या साहाय्यावाचून वाचण्यास ८००० ते ९००० शब्दकुले लागतात, असे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखविले. या दोहोंमधील प्रदेश तो मधल्या शब्दांचा.

या प्रदेशातील कितीतरी शब्द वस्तूंचे नव्हेत, मनोव्यापारांचे असतात. ते शिकविताना संस्कृत प्रतिशब्द हाताशी धरावा आणि तोच सर्व भारतीय भाषांना पुरवावा, हा मोह स्वाभाविक आहे. पण तो फसवा आहे. ‘शिक्षा’ म्हणजे बंगालीत विद्या, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. मराठी माणूस ज्याचा ‘अभिमान’ बाळगतो त्याला बंगाली माणूस ‘गर्व’ म्हणतो. आणि बंगाली ‘अभिमान’ हा आपल्या माणसाने दुखावल्याचा रुसवा असतो. ‘रिझेंटमेंट’ त्याहून कडवट, ‘सल्क’ त्याहून पोरकट. या दोन इंग्रजी शब्दांच्या कडा बंगाली मुलाला ‘अभिमाना’वरून आणि मराठी मुलाला ‘रुसव्या’वरूनच नेमक्या कळतील.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावे, असा यावर आक्षेप घेतला जाईल. भरपूर वाचणाऱ्यास तो मार्ग खुला आहेच. परंतु ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज इंग्रजी पुस्तक नाही, त्याच्यापाशी मातृभाषा हेच भांडवल असते. ते वर्गाबाहेर ठेवणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने बाजारात पाठविणे होय.

तेव्हा मधल्या शब्दांची अखिल भारतीय यादी एक असली, तरी तिचे विवरण भाषागणिक वेगळेच हवे. हे काम शिक्षणखात्याच्या समित्यांवर सोपवून भागणार नाही. शब्दांच्या अशा छटा ज्यांना साहित्यातून परिचित आहेत, त्या भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनीच ते हाती घ्यावयास हवे. तौलनिक अभ्यासाला याहून उपयुक्त दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल.