पुंगळी अडकली? हातोडी ठेवा, ब्रश घ्या



आजची नोंद पिकाची नाही, पण शेतवस्तीवर राहणाऱ्यांच्या कामाची आहे. ज्यांच्याकडे परवान्याचं .३२ बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर आहे, त्यांची एक तक्रार ठरलेली: "बार उडतो, पण रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडत नाहीत." उपायही ठरलेला, पान्याचा नाहीतर हातोडीचा ठोका. माझं मत स्पष्ट आहे. हे दुखणं बहुतेक वेळा हत्याराचं नसतं, निगेचं असतं. ठोका मारून आपण छोटं दुखणं मोठं करतो.

हे चालतं कसं ते आधी बघा. बार उडाला की पितळी पुंगळी दाबाने फुगून घराच्या भिंतीला चिकटते, दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून सुटते. घरात काजळी, गंज किंवा ओरखडे असले की ती तिथंच धरून बसते. मग पुंगळ्यांच्या कडा उचलणाऱ्या चांदणीवर सगळा जोर येतो.

पिकावर आपण निदान आधी करतो, फवारणी नंतर. इथंही तेच. सहा घरांना मनात नंबर द्या आणि रेंजवर गेल्यावर लक्ष ठेवा.

- दरवेळी एकाच घरात अडकते: दोष त्या घरात.
- सगळ्याच अडकतात: घाण, नाहीतर काडतुसं जुनी किंवा चुकीची.
- पुंगळ्या उचलल्या जातात, पण पडत नाहीत: चांदणीची दांडी किंवा स्प्रिंग बघायला हवी.
- पुंगळी चिरली, जास्त फुगली किंवा तिची टोपी पार चपटी झाली: पुढचा बार काढूच नका.

लाँग काडतुसाच्या घरात आखूड .३२ वापरलं की पुढच्या बाजूला काजळीचं कडं जमतं. नंतर लाँग घातलं की ते त्या कड्यात रुतून बसतं.

उघडण्याची पद्धतही महत्त्वाची. कानपूरच्या कारखान्यातलं नेहमीचं .३२ नळी खाली मोडून उघडतं. ते हळूहळू, अर्धवट उघडलं तर पुंगळी परत घसरते आणि तिची कड चांदणीखाली जाते. थोडं आडवं धरून एका दमात पूर्ण उघडा. सिलिंडर बाजूला निघणारं असेल तर नळी आभाळाकडे करून दांडी तळहाताने एकदाच पूर्ण दाबा.

साफसफाई म्हणाल तर पंधरा मिनिटांचं काम. आधी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा. ब्रासचा ब्रश मागच्या बाजूने प्रत्येक घरात फिरवा. चांदणीच्या खालची जागा जुन्या टूथब्रशने झाडा, तिथला एक कण पण त्रास देतो. शेवटी कोरडं फडकं. घरात तेल राहू देऊ नका, तेल टोपीत झिरपलं की बार फुसका जातो. पॉलिश पेपर तर अजिबात नको, घर एकदा मोठं झालं की ते परत लहान होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घोडा पडला पण बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. टोपीवर खूण आहे म्हणजे काडतूस रिकामं, असं समजू नका. जिवंत काडतूस अडकलं असेल तर ठोकू नका, समोरून सळईही घालू नका. परवानाधारक विक्रेत्याला फोन करून विचारा. गावातल्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती करायलाही परवाना लागतो.

आपण फवारणी पंपाचं नोझल दर वापराला धुतो. रिव्हॉल्व्हर मात्र चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर पेटीत. चामडं ओल धरतं, पितळ हिरवं पडतं. खंडेनवमीला बाहेर काढतो, हळदकुंकू वाहतो आणि तसंच परत ठेवतो. पूजा जरूर करा, कुंकू मुठीला लावा, पण पूजेनंतर पुसून ठेवा.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सांगितलंय. माझं म्हणणं, त्यात प्रत्येकाच्या हाताने एकदा तरी सिलिंडर साफ करून घ्यावं. जुन्या परवानाधारकांनाही नूतनीकरणावेळी हे दाखवावं. संकटाला उपयोगी पडेल म्हणून वस्तीवर हत्यार ठेवायचं आणि पहिल्या सहा बारांनंतर त्याचा दगड व्हायचा, यात काय राखण झाली?

परवान्याचा कागद आपण प्लास्टिकमध्ये जपतो. हत्यारालाही महिन्यातून पंधरा मिनिटं द्या.