गळ्यातल्या बिल्ल्याची साखळी आखूड करताना

हल्ली कॉलेजात जाणारी मुलं सैनिकांसारखा पत्र्याचा बिल्ला, म्हणजे ‘डॉग टॅग’, हौसेने गळ्यात घालतात. साखळी मात्र इतकी लांब, की बिल्ला जेवताना आमटीत बुडायचा! मग चिरंजीव म्हणतात, “आई, एवढी आखूड करून दे ना.” मैत्रिणींनो, हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे.

ही साखळी बारीक गोळ्यांची, बेसिनच्या बुचाला असते तशी. तिची दोन्ही टोकं एका चिमुकल्या, खाच असलेल्या नळीत अडकवलेली असतात. टोकाची गोळी खाचेतून हलकेच ओढली की साखळी उघडते.

आधी गळ्याभोवती दोरा धरून माप घ्या. साखळी न उघडता डोक्यावरून काढायची असेल, तर दोऱ्याला गाठ मारून तो डोक्यावरून निघतो ना, तेही पाहा. मग दोरा साखळीशेजारी ठेवून खूण करा. चार गोळ्या जास्तच ठेवा. लांब वाटली तर पुन्हा कापता येईल.

कापायला धारेची पक्कड घ्या. कात्री वापरलीत तर तिची धार जाईल. दोन गोळ्यांमधली तार, ठेवायच्या गोळीला अगदी खेटून कापा. टोक राहिलं तर मान ओरबाडेल. वर फडकं धरा, म्हणजे तुकडा डोळ्यात उडणार नाही. नंतर शेवटची गोळी नळीत दाबून बसवा. नळी सैल असेल तर नवी आणा, पण दुकानात उरलेला तुकडा न्या. नळी गोळीच्या मापाचीच लागते.

तो तुकडा टाकू नका. अमेरिकी लष्करात १९१६ पासून प्रत्येकाला दोन बिल्ले असतात: एक मृतदेहापाशी राहावा, दुसरा नोंदीसाठी काढून नेता यावा म्हणून. दुसरा बिल्ला छोट्या साखळीने मोठीत अडकवतात. तुकड्याला नळी लावलीत की तशी छोटी साखळी तयार!

आता महत्त्वाचं. नळी सारखी सुटते म्हणून ती तारेने बांधू नका की डाग देऊन पक्की करू नका. साखळी कुठे अडकून जोराचा हिसका बसला तर ती सुटावी, हेच बरं. बिल्ला हरवला तर दुसरा मिळेल, मानेचं तसं नाही. तरीही नळीवर विसंबू नका. लहान मुलांच्या गळ्यात ही साखळी घालूच नका. मोठ्यांनीही झोपताना, खेळताना, यंत्रावर काम करताना आठवणीने काढून ठेवावी.