आकड्यांची भिंत आणि मुलांची सुरक्षितता

कन्सोलवर मित्राबरोबर ऑनलाइन खेळायचं, तर आधी त्याला आपल्या मित्रयादीत घ्यावं लागतं. काम एवढंसं, पण निन्टेंडोच्या यंत्रांवर, मधला वी यूचा अपवाद सोडला तर, २००५ पासून त्यासाठी आकड्यांचा फ्रेंड कोड लागत आला आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच ही पद्धत आहे, असं तिचे समर्थक सांगतात आणि मुलांचं नाव निघालं की वाद तिथेच थांबतो. तो थांबू नये. मित्र जोडणं अवघड केल्याने मूल सुरक्षित होत नाही. त्याला सुरक्षित ठेवतात संमती, पालकांची परवानगी आणि त्रास देणाऱ्याला तत्काळ दूर करण्याची सोय. या तिन्ही गोष्टी साध्या, वाचता येणाऱ्या नावासोबतही देता येतात.

आधी ही पद्धत काय होती ते पाहू. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘मारियो कार्ट डीएस’बरोबर निन्टेंडोची वाय-फाय सेवा सुरू झाली. तिथे प्रत्येक गेमचा बारा आकडी कोड वेगळा होता आणि तो गेमच्या कार्डाशी व यंत्राशी, अशा दोन्हींशी बांधलेला होता. दोन मित्रांकडे तेच पाच गेम असले, तर प्रत्येकाने दुसऱ्याचे साठ आकडे भरायचे. एकाने भरले आणि दुसऱ्याचे राहिले, तर मैत्री जुळतच नसे. वीवर यंत्राचा सोळा आकडी कोड होता, शिवाय गेमचे कोड निराळे. २०११ च्या थ्रीडीएसने संपूर्ण यंत्राला एकच कोड दिला. २०१२ च्या वी यूवर तर चक्क नावाने मित्र शोधता येऊ लागले. आणि २०१७ मध्ये स्विच आला, तो पुन्हा बारा आकडे घेऊन. नावाची पद्धत स्वतः राबवून झाल्यावर कंपनी मागे वळली, म्हणून या निर्णयाचा जाब विचारणं रास्त आहे.

समर्थकांचा पहिला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. नाव कोणीही शोधू शकतो, कोड मात्र मुलाने स्वतः दिल्याशिवाय कोणाला मिळत नाही. म्हणून अनोळखी माणूस मुलापर्यंत पोहोचत नाही, असा तो युक्तिवाद. हेतू चांगला आहे, पण अनुभव उलटी साक्ष देतो. थ्रीडीएसवर ‘स्वॅपनोट’ नावाची चिठ्ठ्या पाठवण्याची सोय होती. इंटरनेटवरून चिठ्ठी जाई ती मित्रयादीतल्यांनाच, म्हणजे कोड जुळलेल्यांनाच. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस निन्टेंडोने ही सेवा बंद केली. अल्पवयीन मुलांसह काही जण आपले कोड इंटरनेटवर उघडपणे टाकत होते आणि त्यानंतर आक्षेपार्ह मजकुराची देवाणघेवाण होत होती, हे कारण खुद्द कंपनीने जाहीर केलं. ज्या मुलाला सवंगडी हवे असतात, ते आपला कोड चारचौघांत मांडतंच. घराचा पत्ता अवघड लिहिल्याने घर सुरक्षित होत नाही. त्यासाठी दाराला कडी लागते.

याच मुद्द्याच्या आधाराला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्हचं उदाहरण दिलं जातं. २००२ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत एकच गेमरटॅग, म्हणजे खेळाडूचं नाव, सगळ्या गेम्सना चाले आणि हेडसेटवर अनोळखी लोकांच्या शिव्याही ऐकाव्या लागत. ही तक्रार खोटी नाही. पण त्या शिव्या यायच्या त्या कोणाशीही जुळणाऱ्या सामन्यांतल्या खुल्या आवाजातून. मित्रयादीचा त्याच्याशी संबंध नव्हता. निन्टेंडोच्या सामन्यांत हा त्रास कमी राहिला, कारण अनोळखी खेळाडूंमध्ये आवाजाची देवाणघेवाण सहसा ठेवलीच नव्हती. ते श्रेय त्या मर्यादेचं आहे, कोडला ते देता येत नाही.

दुसरा मुद्दा असा की, नावं एकमेव असावी लागतात. चांगली नावं आधीच घेतली जातात आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला शेपूट लावलेलं नाव येतं. कोड असला की प्रत्येकाला हवं ते नाव ठेवता येतं. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय निघाला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये गेमरटॅगची रचना बदलली. आवडतं नाव घ्या, ते आधीच कोणाचं असेल तर यंत्रणा मागे छोटासा क्रमांक जोडते. देवनागरीसह तेरा लिप्यांत नाव लिहिण्याची मुभाही तेव्हाच मिळाली.

तिसरा मुद्दा खर्चाचा. सुरुवातीची सेवा फुकट होती, तेव्हा जास्त अपेक्षा कशाला, असं विचारलं जाई. पण सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन थ्रीबरोबर आणलेलं नेटवर्कही फुकट होतं आणि तिथे नावाने मित्र जोडता येत. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून स्विचवर ऑनलाइन खेळायला बहुतेक गेम्ससाठी वर्गणी भरावी लागते. पैसे घेणं सुरू झालं, कोड मात्र तसाच राहिला.

चौथा मुद्दाही प्रामाणिकपणे नोंदवतो. स्विचवर शेजारी बसलेल्याला किंवा नुकताच ज्याच्याबरोबर ऑनलाइन खेळलो त्याला कोडशिवायही रिक्वेस्ट पाठवता येते. ही सोय चांगलीच आहे. पण ऑनलाइन खेळाची खरी गरज लांबच्या माणसाला असते. पुण्यातल्या मुलाला ह्यूस्टनमधल्या मामेबहिणीशी पहिल्यांदा खेळायचं असेल, तर ती ना शेजारी असते, ना आधीच्या सामन्यात भेटलेली. नेमकं तिच्यासाठी आकड्यांचं देणंघेणं उरतं.

मग हवं काय? पहिलं, बोलून सांगता येईल आणि एका दमात टाइप करता येईल असं नाव. दुसरं, दोन्ही बाजूंची संमती आणि आपलं नाव शोधात दिसावं की नाही हे ठरवण्याचा हक्क. मुलांच्या खात्यांवर तो शोध सुरुवातीपासून बंद असावा आणि पालकांनीच उघडावा. तिसरं, वयानुसार पालकांची परवानगी. हे शक्य आहे, याचा पुरावा निन्टेंडोनेच दिला आहे. २०१७ मध्ये बोलण्यासाठी वेगळा फोन आणि त्यावरचं ॲप लागे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच टूवर गेमचॅट एका बटणावर उघडतं, बारा जणांपर्यंत बोलता येतं आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीविना ते वापरता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. दोन्हींमागचं तत्त्व एकच: जबाबदार मोठ्या माणसाने दार उघडायचं. हे दार जागेवर असताना बाहेर आकड्यांची भिंत कशाला ठेवायची?

चौथी गरज कंपन्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या मैत्रीची. २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’चं जे खातं एकदा प्लेस्टेशनला जोडलं, ते स्विचवर चालत नव्हतं. खेळाडूंचा रोष वाढल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोनीने तो अडसर काढला. तो तांत्रिक असता, तर नुसत्या निर्णयाने निघाला नसता. आजही मित्रयाद्या कंपनीनिहाय विभागलेल्या आहेत आणि वर प्रत्येक मोठ्या गेमचं खातं निराळं. वर्गातल्या चार मुलांकडे तीन वेगवेगळे कन्सोल असतील, तर एकत्र खेळण्याआधी त्यांना खात्यांचं जंगल पार करावं लागतं.

मुलांची काळजी घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांच्याच बाजूने मी हे लिहितो आहे. अवघडपणाला सुरक्षितता मानलं की पालक निर्धास्त होतात, नियंत्रणाचं ॲप उघडत नाहीत आणि मूल कोणाशी खेळतं ते विचारत नाहीत. कंपन्यांनी कोड काढून नावं द्यावीत आणि परवानगीचं दार पक्कं करावं. पालकांनी मुलाची मित्रयादी त्याच्याबरोबर बसून पाहावी. यादीत कोण आहे हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असेल, तर ते मूल कुठल्याही बारा आकड्यांपेक्षा अधिक सुरक्षित राहील आणि मित्रांबरोबर मनसोक्त खेळेलही.